बाथरूमची खिडकी कुणी बंद केली?

"हिला फिट आलेली नाही. हा गॅस गीझर सिंड्रोम आहे," डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे हवा खेळत नसलेल्या बाथरूममध्ये गॅसचा गीझर चालू राहिला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो. अंघोळ करता करता माणूस कोसळतो.

मी तशीच कोसळले, मुलुंडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. पण आधीच्या दोन-तीन दिवसांचं मला काहीच आठवेना. मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की असं होतं म्हणे. जे काही कळायचं ते दुसऱ्यांकडून, आणि मला प्रत्येकाचा संशय यायचा.

घरमालक परबकाका शेजारीच राहतात. बाथरूमचं दार तोडून मला बाहेर काढलं ते त्यांच्या बायकोने, शुभाकाकींनी. काका रोज हॉस्पिटलमध्ये शहाळं घेऊन यायचे. "डॉक्टरांना काय सांगितलंस गं?" हे न चुकता विचारायचे. वर म्हणायचे, "खिडकी उघडी ठेव म्हणून किती वेळा सांगितलं होतं तुला!"

सांगितलं होतं? डोकं ठणकेपर्यंत आठवून बघितलं.

मालाडहून आलेली माझी बहीण प्राजक्ता कपडे आणायला फ्लॅटवर गेली. तिथूनच तिचा फोन आला. "ताई, खिडकी उघडी आहे. पण चौकटीला स्क्रूची ताजी भोकं आहेत. कुणीतरी काहीतरी काढून नेलंय."

त्या दिवशीचं शहाळं मी प्यायले नाही.

हॉस्पिटलने एमएलसी केली होती, म्हणजे पोलिसांना कळवलं होतं. हवालदार जबाब घ्यायला आले, तेव्हा काका-काकी दोघंही तिथेच होते. काका पटकन म्हणाले, "हिला आधीपासूनच चक्कर येते."

"खोटं कशाला बोलताय?" काकी म्हणाल्या. "कबुतरं येतात म्हणून तुम्हीच खिडकीवर बाहेरून प्लास्टिकची शीट बसवलीत, ही ऑफिसला गेली असताना. ही ॲडमिट झाल्यावर काढलीत."

हवालदारांनी विचारलं, "गीझर कुणाचा?"

"घराबरोबर दिलेला," काका पुटपुटले.

"मग तुमच्यावर येऊ शकतं हे." मी तिथेच तक्रार लिहून दिली.

भाड्याने राहणाऱ्यांनो, अंघोळीत डोकं जड झालं, मळमळलं तर आधी बाहेर या. आणि 'आपलंच काहीतरी चुकलं असेल' असं लगेच मानू नका.

डिस्चार्जच्या दिवशी काकी एकट्याच आल्या. मला वाटलं, गळ घालायला आल्या. मी आधीच सांगून टाकलं, "काकी, तक्रार मी मागे घेणार नाही."

"नकोच घेऊस. बोरिवलीची खोलीपण आम्ही भाड्यानेच दिलीय. तिथेही असाच गीझर आहे. तुझ्या तक्रारीच्या धाकाने तरी हे तो काढतील."

मी त्यांचा हात धरला. त्या कळवळल्या. दार तोडताना त्यांचं मनगट मुरगळलं होतं, हे मला तेव्हा कळलं.