दहा कोयत्यांची माणसं

“दहा कोयते ऊस तोडतायत, तर माणसं दहाच ना! तू वीस लिहिलीस. वरची दहा काय आभाळातून पडली गं?” गुरुजी असे कडाडले की पाथर्डीच्या स्टँडवरची एसटी म्हणे ड्रायव्हरशिवायच सुटली.

काल दारावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, पाचटाचा वास आला आणि वर्गात मान खाली घालून उभी असलेली चौथीतली सुमन पुन्हा दिसली. हुशार पोरं निवडायची परीक्षा होती ती. निवडलेल्यांची राहायची सोय शाळेतच होणार, बाकीच्यांनी आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचं. सुमन पाढे म्हणायला लागली की लिंबावरचे पोपटसुद्धा चुका दुरुस्त करून घ्यायचे! पण तोडणीवाल्यांत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे बदलून आलेल्या गुरुजींना कुठून ठाऊक? एका गुणानं तिची निवड हुकली. तेव्हा वर्ग खदाखदा हसला होता. हसणाऱ्यांत मीही होतो.

दुसऱ्या दिवशी ती ट्रॉलीत भांड्यांच्या बोचक्यावर बसली होती. मी खालून ओरडलो, “सुमे, वरची दहा कोन ते गुरुजींना सांगायचं की!”

“मोळ्या बांधनाऱ्या बाया,” ती म्हणाली.