माझ्या पहिल्या जादूगाराची शाखा

कळंबमधल्या एका मंगल कार्यालयाची व्यवस्था मी पाहते. आषाढी एकादशी झाली की मुहूर्त संपतात, पडदे धुवून होतात, पातेली मोजून कोठीत जातात आणि जेवणाचा हॉल रिकामा पडतो. त्या वर्षी माझ्या भाच्यानं तो रविवारच्या दुपारी फाशांचा एक खेळ खेळायला मागून घेतला. त्याला लांब टेबल हवं होतं, आणि चौथा गडी. आधीचा चौथा पुण्याला नोकरीला गेला होता.

"मावशी, तुम्हीच बसा. जादूगाराची जागा मोकळी आहे," तो म्हणाला.

खेळ सोपा आहे. भाचा गोष्ट सांगतो: समोर दरी आहे, पलीकडं उजेड दिसतोय. आपण सांगायचं, आपलं पात्र काय करतं. ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आकडा मोठा तर जमलं, लहान तर फसलं. शत्रूचे फासे भाचा टाकतो. प्रत्येक पात्राचा जीव आकड्यात मोजतात; घाव बसला की तो कमी होतो, शून्य झाला की पात्र मेलं.

बाकी दोघं ओळखीचीच. एक आमच्या हॉलची फुलांची सजावट करणारा, तो खेळात चोर होता. दुसरी शेजारच्या कापड दुकानदाराची मुलगी. तिची योद्धा कॉलेजपासूनची. तुळशीचं लग्न झालं की आमच्याच हॉलमध्ये तिचं लग्न होतं आणि मग ती सोलापूरला जाणार होती. त्याआधी गोष्ट संपवायची असं ठरलं होतं: शेवटच्या किल्ल्याच्या दारातून पलीकडं गेलं की संपली. भाच्याचा नियम मात्र कडक. मेलेला परत येत नाही, आणि जखम एका रात्रीत भरत नाही.

"काकू, मला हिला फक्त जिवंत बाहेर काढायचंय," मुलगी म्हणाली. "इतकी वर्षं सांभाळली. शेवटी मेली तर लई वाईट वाटंल मला."

"नवरदेवाला सांगितलंय का हे?" सजावटवाल्यानं विचारलं.

"सांगितलं. तो म्हणला, माझी एवढी काळजी करशील का."

मला काम नेमकं कळलं, की निवड सोपी होते. जादूच्या आठ शाखा होत्या आणि एक निवडायची होती. भाच्याचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मी घरी नेलं, कागदावर आठ रकाने आखले आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला: हिनं तिची योद्धा वाचेल का?

आगीची शाखा सगळ्यांनी सुचवली होती. पण योद्धा कायम शत्रूला भिडलेली असते. आगीचा लोळ टाकताना तिला वाचवत बसायचं म्हणजे अर्धं लक्ष तिथंच जाणार. मायाजालाचा सगळा भार समोरचा फसण्यावर. आचारी आणि बँडवाले यांच्याशी व्यवहार करताना समोरचा फसेल हे धरून मी कधी चाललेली नाही. मढ्यांना उठवून कामाला लावायची एक शाखा होती. माझ्याकडं जिवंत माणसंच पुरेशी आहेत. संरक्षणाची शाखा मनात बराच वेळ राहिली, पण तिचं कवच सुरुवातीला जादूगारापुरतंच. बाकीच्याही एकेक करून गळाल्या आणि उरली ती भाकिताची.

या शाखेतल्या जादूगारानं गोष्टीतल्या दर सकाळी दोन फासे टाकून आकडे लिहून ठेवायचे. दिवसभरात कुणीही फासा टाकायच्या आत, आपला असो की शत्रू, मी म्हणू शकते: टाकू नका, हा घ्या. मोठा आकडा आपल्याला, लहान शत्रूला. रात्री झोपलं की उरलेले आकडे बाद.

हातात काय आहे हे सकाळीच कळतं, अशी दुसरी एकही शाखा नव्हती.

"मॅडम कुडमुड्या जोशी झाल्या की," सजावटवाला म्हणाला. "डमरू आणू का?"

"आण. तुझ्या बिलातून कापते."

पहिल्या रविवारी मला सतरा आणि चार मिळाले. दोन्ही चांगले. दुपारी लांडग्यांनी योद्ध्याला घेरलं. भाचा माझ्याकडं बघत थांबला. मी नकारार्थी मान हलवली. पुढं याहून मोठं काही येईल असा माझा हिशेब. एक लांडगा चावला, दुसरा चावला. मी आकडा काढला नाही. संध्याकाळी एक पडकं देऊळ सापडलं, दार आतून लावून घेतलं आणि सगळे झोपले. माझे दोन्ही आकडे बाद झाले. योद्धा अर्धी रक्ताळलेली.

मुलीनं जखमा कागदावर मांडल्या. सजावटवाला बोलला.

"मॅडम, हे शेवटच्या पंगतीसारखं झालं."

त्याचं बरोबर होतं. आमच्याकडं पाहुणे आधी जेवतात आणि यजमानाच्या घरातल्या बायका शेवटी. तोवर गोड संपलेलं असतं. म्हणून मी दर लग्नात बुंदीची एक पाटी कोठीत कुलपात ठेवते आणि शेवटच्या पंगतीलाच काढते. लग्नात हे चालतं, कारण शेवटची पंगत बसणार हे नक्की असतं. इथं तशी काही खात्री नव्हती. मी सवयीनं कुलूप लावलं होतं, एवढंच.

मी नियम बदलला. योद्ध्याच्या जिवावर पहिलं संकट येईल तिथं पहिला आकडा. पुढच्या रविवारपासून तसंच खेळले. तिच्या जखमा हळूहळू भरत आल्या.

शेवटच्या रविवारी अठरा आणि दोन आले. सकाळीच कडा चढायचा होता. मुलगी फासा उचलणार, तेवढ्यात मी म्हणाले, "टाकू नको. अठरा घे." योद्धा एका दमात वर गेली. वर तिरंदाज होता. त्यानं नेम धरला. "याला दोन," मी म्हणाले. बाण झाडात गेला.

"अहो, दारावर राक्षस आहे ना अजून," सजावटवाला म्हणाला. "त्याला काय दाखवणार आता?"

"बघू."

"बघू काय बघू? हात रिकामा झाला तुमचा."

दारावरचा राक्षस खरंच मोठा निघाला. माझ्याकडं साधे मंत्र होते, तेवढे मी टाकले. चोरानं मागून दोनदा भोसकलं. मग राक्षसानं योद्ध्यावर सोटा उगारला. भाच्यानं फासा सगळ्यांसमोर टाकला. वीस. शत्रूच्या हातून त्याहून वाईट आकडा नसतो. भाचा घावाची बेरीज करू लागला. मुलगीही तिच्या कागदावर वजाबाकी करत होती, ओठ घट्ट मिटून. कड्यावरून पडली असती किंवा तो बाण लागला असता, तर ही वजाबाकी शून्याखाली गेली असती. आकडे योग्य जागी गेले हे मला तेव्हाच दिसत होतं, म्हणून मी निवांत होते.

"किती उरलं?" भाच्यानं विचारलं.

"चार," ती म्हणाली. मग मान वर केली. "उभी हाय."

चोरानं पुढच्याच फाशाला राक्षस पाडला. योद्धा दारातून पलीकडं गेली.

 मग भाच्यानं नेहमीसारखं विचारलं, "पलीकडं पोचल्यावर ती काय करते?"

मुलीनं बराच विचार केला.

"काही करत न्हाय," ती म्हणाली. "चिलखत काढते आन् झोपते. कुणी उठवायचं न्हाय."