सतरा नंबरवाली

आमच्या शाळेचं नाव मी सांगणार नाही. वकील आहे मी. अब्रूनुकसानीची नोटीस कशी लिहितात ते मला पाठ आहे, आणि ती माझ्याच दारात आलेली बघायची हौस नाही. एवढंच सांगते, की गाव शिरूर तालुक्यातलं, आणि शाळेच्या फाटकातून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं दिसायचं : दहावीचा निकाल शंभर टक्के. पेंटर दरवर्षी यायचा आणि फक्त साल बदलून जायचा.

हे शंभर टक्के कसे व्हायचे ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. सहामाहीत नववीच्या ज्या पोरांना गणितात नाहीतर इंग्रजीत कमी मार्क पडत, त्यांच्या नावाभोवती हेडसर कॅटलॉगमध्ये लाल पेनानं गोल करत. गोल पडला की संपलं. वार्षिकला तुम्ही काहीही लिहा, नववीत नापास. मग आईबापाला बोलवायचं आणि सांगायचं, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून दहावीला बसवा. बाहेरून बसलेल्या पोराचा निकाल शाळेच्या निकालात धरत नाहीत. तो पास होवो नाहीतर विहिरीत जीव देवो, भिंतीवरचे शंभर टक्के शाबूत.

माझ्या नावाला गोल पडला त्या वर्षी आई अंथरुणाला खिळली होती. पहाटे झेंडू तोडायचा, पाट्या जीपमध्ये चढवायच्या, मग शाळा. पोचेपर्यंत गणिताचा तास संपलेला असायचा. वार्षिकला मला दोन मार्क कमी पडले. सरपंचाच्या पुतण्याला नऊ कमी होते, तो वर गेला.

माझे वडील, आबा, हेडसरांना भेटायला गेले तेव्हा मी दाराबाहेर उभी होते. खोलीत दोन खुर्च्या मोकळ्या होत्या, तरी आबांना बसा म्हणाले नाहीत.

"सायेब, पोरगी हुशार हाय वो. घरची अडचण व्हती म्हणून. दोन मार्काचा तर सवाल हाय," आबा म्हणाले.

हेडसर सही करता करता बोलले, मान वर न करता. "आबा, दोन दिले तर उद्या चार जण येतील. आणि मुलगीच आहे ना? सतरा नंबरचा फॉर्म भरा. झाली पास तर झाली."

झाली तर झाली! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की काय सांगू. त्या दिवशी मी डूख धरला, तो आजतागायत सोडलेला नाही. लोक म्हणतात राग गिळावा, मोठं व्हावं. मी मोठी झाले ती राग न गिळता.

पुण्यातली एक संस्था तेव्हा पत्रशाळा चालवायची. तपकिरी पाकिटातून धडे यायचे, आपण उत्तरं लिहून परत पाठवायची, आणि रविवारी शिरूरला एका शाळेच्या दोन खोल्यांत तास भरायचे. गावात आम्हाला नाव पडलं, सतरा नंबरवाले. पोरं पाणवठ्यावरसुद्धा चिडवायची. पण त्या दोन खोल्यांत काय काय माणसं होती! एक एसटीतला हेल्पर होता. एक बाई कडेवर पोर घेऊन दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधून यायची आणि पोर रडलं की उभ्यानं थोपटत भूमिती शिकायची. एक जण मेंढरांमागं फिरायचा, ज्या गावात वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, पडेल तिथल्या पोस्टातून उत्तरं धाडायचा. आमच्या मास्तरांना त्याच्या पाकिटावरचे शिक्के बघून कळायचं कळप कुठवर गेलाय ते. त्या मास्तरांनी मला कधी लाल पेन लावलं नाही. चुकलं की म्हणायचे, "परत कर बाय, घाई कुणाला हाय?"

परीक्षेचं केंद्र दौंडला आलं. मामाकडं राहून मी पेपर दिले. गणितात मला अठ्ठ्याहत्तर पडले, आणि तो निकाल घेऊन मी मुद्दाम हेडसरांच्या घरावरून तीनदा गेले. ते बाहेर आलेच नाहीत.

मेंढरांमागं फिरणारा आज जनावरांचा डॉक्टर आहे. पोर थोपटणारी बाई दौंड स्टेशनात तिकीट खिडकीवर बसते. आमच्याच गावचे आणखी दोघं, गोल पडून पत्रशाळेत आलेले : एक मालगाडी चालवतो, एक पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात सिस्टर आहे. आणि मी काळा कोट घालून शिरूरच्या कोर्टात उभी राहते.

मधे पंधरा वर्षं गेली. एक दिवस थोरला भाऊ पत्रिका घेऊन माझ्या ऑफिसात आला. शाळेचा रौप्यमहोत्सव. वर ठळक अक्षरांत 'आम्ही घडवलेली रत्ने' आणि खाली सात फोटो. त्यात ड्रायव्हर, सिस्टर आणि मी! बघून मी इतकी हसले की समोर बसलेला पक्षकार दचकला. हेडसर अजून तेच होते, मे अखेर निवृत्त होणार होते. निवृत्तीआधी आमच्या डोक्यावर पाय देऊन फोटो काढायचा होता त्यांना.

मी दोघांनाही फोन लावला. सिस्टर म्हणाली, कशाला जायचं? ड्रायव्हर म्हणाला, "जायाचं. तू बोल, आम्ही म्होरं बसतो."

भाऊ मात्र पत्रिका देऊनही निघेना. उंबऱ्यात घोटाळत राहिला. त्याची थोरली त्याच शाळेत नववीला होती. पोरगी गुणाची, पण गणितात कच्ची, अगदी माझ्या वळणावर.

"अगं, तू जा, शाल घे, ग्वाड बोल आन् ये. तिच्या वर्गाच्या बाईंनी सांगितलंय, पोरगी काठावर हाय म्हून. सगळं हेडसरांच्या हातात हाय."

"तू अजून भितोस त्याला?"

"मी न्हाई भीत. माझी पोरगी त्या वर्गात बसती."

मी त्याला म्हणलं, बघू. पण माझं भाषण पंधरा वर्षांपूर्वीच तयार झालेलं होतं. आंघोळीच्या मोरीत, एसटीत, कोर्टात तारीख मिळेपर्यंत बाकावर, किती वेळा म्हणून झालं होतं ते. एवढं तयार ताट समोर आल्यावर कोण उठून जाईल?

मांडव खचाखच भरला होता. हेडसरांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला आणि माईकवर म्हणाले, "ही आमची विद्यार्थिनी. हिच्यातली चुणूक आम्ही तेव्हाच ओळखली होती."

मी माईक घेतला. म्हणलं, "मी या शाळेची माजी विद्यार्थिनी नाही. मला या शाळेनं नववीत काढलं, दोन मार्कांसाठी. मी पत्रशाळेची. पत्रिकेवरच्या सातांतले आम्ही तिघं पत्रशाळेचे. सरांनी खरंच तेव्हाच ओळखलं होतं, आणि ओळखून लाल गोल केला होता." मग म्हणलं, "या मांडवात ज्यांच्या ज्यांच्या नावाला गोल पडला, त्यांनी उभं राहावं."

आधी ड्रायव्हर उठला, मग सिस्टर. मग मागून एकेक जण उठायला लागलं. बायका पोरांसकट उठल्या. वाढपी हातातली बादली खाली ठेवून उभे राहिले. पंचवीस वर्षांतले सगळे गोल उभे होते. मी शाल काढली आणि हेडसरांच्या खांद्यावर घातली. म्हणलं, "सर, सत्कार तुमचा व्हायला पाहिजे. शंभर टक्के तुमचे आहेत."

त्यांचं तोंड असं उतरलं होतं! खोटं कशाला बोलू, मला गोड लागलं. जिलेबी दोनदा घेतली मी त्या दिवशी. भाऊ पंगतीत कुठं दिसला नाही.

मे महिन्याच्या एक तारखेला निकाल लागला. भाची नववीत नापास, गणितात तीन मार्क कमी.

मी तडक शाळेत गेले. या वेळी मला बसा म्हणाले, चहासुद्धा मागवला. पेपर समोर ठेवला. तपासणी बरोबर होती, एकही मार्क मारलेला नव्हता. पण काठावरच्या बाकी सगळ्या पोरांना वर ढकललं होतं. मी ते बोलले, आवाज चढवला, शिक्षणाधिकाऱ्यांकडं जाईन म्हणलं.

"जा की," हेडसर शांतपणे म्हणाले. "मॅडम, तुम्हीच भर मांडवात सांगितलंत, आमच्याकडून बाहेर पडलेली पोरं मोठी होतात. मग तुमच्या घरच्या पोरीला मी आत कशाला ठेवू?"

चहा तसाच ठेवून मी उठले. शिक्षणाधिकाऱ्यांकडं मी गेले, अर्ज दिला, आणि अर्ज टेबलावरून टेबलावर फिरेपर्यंत मे संपला. हेडसर हारतुरे घेऊन निवृत्त झाले. आजही ते रस्त्यात दिसले की माझे हात शिवशिवतात.

पत्रशाळा अजून चालू होती. मी तिथला फॉर्म आणला, माझ्या जुन्या भूमितीच्या धड्यांचा संच शोधून काढला आणि भावाच्या घरी गेले. भाची ओट्यावर मेथी निवडत होती. मी तिला म्हणलं, रडू नको, मी शिकवीन तुला, दर रविवारी मी येईन, आपण त्या माणसाला दाखवून देऊ.

"आत्या, माझ्या मैतरणी समद्या धाव्वीत गेल्या," ती म्हणाली. रडत नव्हती. "भाषणाच्या आधी मला एकदा इचारायचं तरी. मी नको म्हणले असते."

"अगं, पण त्यानं माझं..."

"तुझं झालं व्हतं की गं. तू वकील झाली व्हतीस."

ती परत मेथी निवडायला लागली. मी तिला विचारलं असतं, आणि ती नको म्हणाली असती, तरी मी बोललेच असते. हे मला ठाऊक होतं आणि तिलाही. फॉर्म तिनं माझ्या हातातून घेतला नाही. दोन दिवसांनी भाऊ स्वतः शिरूरला गेला, दुसरा कोरा फॉर्म घेऊन आला, आणि पोरीनं तो त्याच्याकडून भरून घेतला.