मोटारीचे नवे दिवे

सासऱ्यांच्या काळातली मोटार आमच्याकडे अजून आहे. तिचे दिवे मिणमिणते होते. मुलगा माजलगावच्या आडत दुकानातून तिच्यातच घरी यायचा. एकदा जेवताना म्हणाला, "आप्पा, दिवे बदलू. पुढचं काईच दिसत न्हाई."

"तुज्या आज्यानं याच दिव्यांवर बीड गाठलं," हे म्हणाले. "तुमालाच लई उजेड पायजे."

कारखाने सुरू झाले की आमच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात. मागे ना दिवा, ना लाल पट्टी. एका रात्री तसल्याच एका बंद पडलेल्या ट्रॉलीवर मुलगा मागून आदळला. जागच्या जागी गेला.

लोक म्हणाले, मोटार भंगारात घाला. यांनी पुढचा पत्रा बदलून घेतला. पुढच्या हंगामात वायरिंगचा मिस्त्री घरी बोलावला.

"सगळा करंट बटनातून फिरून येतोय काका. दिव्यापर्यंत पोचेस्तोवर निम्मा ऱ्हातोय," मिस्त्री म्हणाला. "रिले टाकतो. मग बॅटरीतून सरळ दिव्याला."

त्याने जाड वायर ओढली, नवे बल्ब बसवले. बाहेरगावचा होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. "आता पुढच्या गावातली म्हैस दिसंल बघा!" म्हणाला. आम्ही कोणी हसलो नाही.

दिवेलागण झाल्यावर हे म्हणाले, "चल, बस." कुठे, ते मी विचारलं नाही.

मुलगा गेला त्या जागेच्या थोडं अलीकडे एक ट्रॉली उभी होती. लांबूनच ऊस दिसला, चाकं दिसली, खाली निजलेला माणूससुद्धा दिसला. यांनी सावकाश मोटार थांबवली. मध्ये बैलगाडी वळेल एवढी जागा राहिली.

"दिसली," हे म्हणाले.

"दिसली."

मग हे म्हणाले, "पण पुढं, तिथं वळण हाय. वळणावर या दिव्यांनी बी दिसलं नसतं. काय?"

रस्ता सरळ आहे. त्यांचा जन्म त्याच रस्त्यावर गेला. मी हो म्हणावं, एवढंच त्यांना पाहिजे होतं.

"वळण न्हाई तिथं," मी म्हणाले.

त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. ट्रॉलीखालचा माणूस डोळ्यांवर हात धरून उठून बसला होता.

"दिवे बंद करा," मी म्हणाले. "त्याच्या डोळ्यावर येतंय."