मैनेला डोलकाठीवरून उतरवणारी कुसुम

मागच्या महिन्यात चिखलीहून वंदनाचा, म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या, कुसुमच्या मुलीचा फोन आला. "मावशी, आई गेली… सकाळचा चहा घेतला आन् बसल्या जागीच मान टाकली." आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या कुसुमबाई अनेकांना आठवत असतील. मला मात्र फोन ठेवताना दिसली ती परकर सावरत शिडीवर चढलेली, कोपरापर्यंत निळीनं माखलेली आमच्या गावची, साखरखेर्ड्याची कुसुम.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. माझे वडील मास्तर, म्हणून आमच्याकडे टपालानं मुलांचं एक मासिक यायचं. त्यात 'दर्याची लेक' नावाची चित्रकथा क्रमशः चालू होती. बापाचं जहाज सोडवायला निघालेली मैना, तिच्या मागावरचे चाचे आणि पानभर उसळणारा समुद्र! कुसुमचं घर शेतकऱ्याचं, आमच्या शेजारचं. अंक आला की आम्ही दोघी ओसरीवर पालथ्या पडून तो वाचायचो. एका महिन्यात मैना वादळात डोलकाठीच्या टोकाला जाऊन बसली, खाली चाचे सुरे परजत उभे राहिले, आणि पुढच्या अंकात चित्रकथेच्या जागी दोन ओळी होत्या… काही अडचणींमुळे ही चित्रकथा बंद करण्यात येत आहे. मी रडायलाच लागले. कुसुमनं अंक उलटा-सुलटा करून पाहिला आणि भडकली. "बंद म्हंजे? थे वर बसून हाये न! तिले खाली कोन उतरवन?"

उतरवायचं तिनंच ठरवलं. त्यांच्या कापसाच्या कोठाराची मागची भिंत बाजाराच्या पटांगणाकडे होती. गेरू, कोळसा, कपड्यांची नीळ आणि टोक चावून कुंचा केलेली निंबाची काडी घेऊन कुसुम बाजाराच्या दिवशी सकाळी शिडीवर चढली. आमच्यापैकी कुणीच समुद्र पाहिला नव्हता. पाणी म्हणजे लोणारच्या सरोवराचं, आणि ते तर हलतही नाही. मग वाऱ्यानं ज्वारीचं वावर जसं लवतं तशा तिनं लाटा काढल्या, काही लाटांना चुकून कणसंही आली. मी खाली उभी राहून आधीची गोष्ट मोठ्यानं सांगत होते. वांगी-मिरच्या विकणाऱ्या बाया, बैल विकायला आलेली माणसं माना वर करून ऐकत राहिली. दर बाजाराला जुन्या चित्रावर चुना फिरायचा, नवं चित्र यायचं. दुसरबीडहून बाजाराला येणारी माणसं दुकानाचं पाल ठोकायच्या आधी भिंतीकडे चक्कर मारू लागली.

कुसुमच्या वडिलांना, आबांना, सुरुवातीला कौतुक होतं. पण एका सोयऱ्यानं टोमणा मारला, लग्नाची पोरगी भर बाजारात शिडीवर चढते म्हणून, आणि आबांनी शिडी कोठारात टाकून कुलूप लावलं. भिंत पांढरी करून टाकली. त्या वेळी मैना डोलकाठीवर शिडाचा दोर कापत होती, दोर अर्धाच कापून झाला होता. कुसुम आबांशी भांडली नाही. एवढंच म्हणाली, "आबा, तिकडं त्यायनं बंद केली, इकडं तुम्ही बंद केली." आणि जेवायला बसली नाही.

पुढच्या बाजाराला ऊन चढलं तरी भिंत कोरीच. मग दुसरबीडची एक मिरचीवाली म्हातारी डोक्यावरची पाटी न उतरवता थेट आबांच्या अंगणात आली. तिच्या मागं आणखी बाया, त्यांच्या मागं गडीमाणसं. "पाटील, त्या पोरीचं काय झालं जी? पडली का काय समुद्रात?" म्हातारीनं पाटी उतरवून अंगणातच बैठक मारली. "समजल्याबिगर म्या काही उठत नाही." बाकीच्याही बसल्या. तिकडं अर्धा बाजार ओस…

आबा उठले. कोठाराचं कुलूप काढलं, शिडी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि फेटा बांधलेला तो माणूस भर बाजारातून, त्या टोमणे मारणाऱ्या सोयऱ्याच्या पुढ्यातून, ती घेऊन भिंतीपाशी गेला. "चढ कुसुम. मी धरतो." तिनं सपासप हात चालवला. दोर तुटला, आणि कापसाच्या गाडीवर ताडपत्री पडावी तसं सगळं शीड चाच्यांच्या डोक्यावर पडलं! त्या कापडाखालून बाहेर आलेले नुसते पाय पाहून बाजार असा हसला की बैल बुजले. आबा शिडी धरून हसत होते, शिडी हलत होती, आणि वरून कुसुम ओरडत होती, "आबा, नीट धरा न!"

त्यानंतर तिनं मैनेला खाली उतरवलं, बापाचं जहाज सोडवलं. शेवटच्या चित्रात जहाज घराकडे वळलं होतं आणि मैना हात हलवत होती. मी "गोष्ट संपली" म्हटलं. मग त्या म्हातारीनं भिंतीकडे बघून हात हलवला. तिच्या मागं सगळ्या बाजारानं हात वर केले. कुसुम खाली आली. मी विचारलं, "संपली, वाईट नाही वाटून राह्यलं?" नाकावरची नीळ पुसत ती म्हणाली, "बंद पडली तवा वाटलं होतं. आता काऊन वाटन वं? पुरी झाली न!"

लग्नाआधी तिला चित्रकलेच्या शिक्षणाला पाठवायचं, हे आबांनी त्याच वर्षी जाहीर करून टाकलं, आणि पाठवलंही.

तेरवीनंतर मी चिखलीला कुसुमच्या घरी थांबले होते. रविवार उजाडला तशा दारात लहान-मोठ्या चपला जमू लागल्या. दर रविवारी गल्लीतली पोरं तिच्या पुढच्या खोलीत चित्रं काढायला यायची, फी म्हणून शेवटी एक गाणं म्हणायचं. वंदनानं माझ्याकडे पाहिलं आणि खोली उघडली. पोरं धडाधड आत शिरली, आपापल्या जागा धरून बसली. रंगांच्या वाट्यांत पाणी कुणी भरायचं यावरून भांडण जुंपलं, आणि बाजूच्या खोलीत वंदना ते ऐकत डोळे पुसत चक्क हसत होती.