सिद्धरामचं खळं

सिद्धरामचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. कामाची बस पाचला यायची. मधला वेळ त्याचा स्वतःचा होता, आणि तो बादल्या वाहण्यात जायचा. त्या बादल्यांचं पुढे सांगतो.

मस्कतपासून तासाभरावर आमचा कामगारांचा कॅम्प होता. आम्ही दोघं बांधकामावर तारेनं सळई बांधायचो. मी बीदरचा, तो भालकी तालुक्यातल्या मेहकरचा. त्याच्या घरात पूर्वी मेंढरं होती, आता थोडी शेती. माझ्याहून बराच लहान, म्हणून मला अण्णा म्हणायचा. मी पुष्कळ कामगार पाहिले. बहुतेकांची तार फोरमन समोर असेतोवरच घट्ट बसते. सिद्धरामची नेहमी घट्ट असायची. त्याच्यावर लिहायला मला एवढं कारण पुरे.

त्याला दोन गोष्टी हव्या होत्या. पहिली म्हणजे मेहकरच्या घरावर पत्र्याच्या जागी स्लॅब. ते त्यानं बायकोला, बाणूबाईला, कबूल केलं होतं आणि त्यासाठीच तो इकडे आला होता. दुसरी गोष्ट तो फक्त माझ्यापाशी बोलला. घरामागचं खळं. वाटणीत ते थोरल्या भावाकडे, लिंगाप्पाकडे गेलं. मळणीला मशीन आल्यापासून तिथं रास पडत नव्हती. संध्याकाळी गावची पोरं तेवढी कबड्डी, खो-खो खेळायची, त्यात सिद्धरामची मुलगी प्रतीक्षाही. लिंगाप्पाला ते विकायचं होतं. गावातले आडतवाले अंकुशराव गोदामासाठी मागत होते. पगार एक होता आणि गोष्टी दोन.

"मग घे की खळं," मी म्हणालो.

"बाणू काय म्हनंल अण्णा? लोक बाहेरून येऊन माडी बांधायलेत, आन् माझ्या नवऱ्यानं रिकामी जागा घेतली?"

कॅम्पसमोरचा रस्ता ओलांडला की आपल्या लोकांच्या एका मंडळाची क्रीडा अकादमी होती. ड्रायव्हर, कारकून, नर्स यांची मुलं तिथं यायची. फुटबॉलला बनावट गवत, क्रिकेटला जाळी. कबड्डीला उघड्या मातीचा एक कोपरा. कबड्डी शिकवायचे चन्नबसप्पा मास्तर, कलबुर्गीकडचे. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आम्ही कुंपणाबाहेरून खेळ बघत उभे होतो.

"मास्तर, धुरळा लई उडायलाय," सिद्धराम ओरडला. "सडा मारा की."

"एनप्पा, काय रे, बाहेरून हुकूम सोडायलास?" मास्तर म्हणाले. "आत ये आन् तूच मार."

तो आत गेला तो गेलाच. मैदानावर पाणी मारायचं, दगड वेचायचे, फक्कीनं रेषा आखायच्या. संध्याकाळी बसमधून उतरला की तसाच तिकडे, जेवण नंतर. याचे पैसे मिळत नव्हते. मी विचारलं, कामून करायलास? म्हणाला, "पोरं दम धरून कबड्डी कबड्डी म्हनायलीत. ऐकलं की गावात असल्यावानी वाटतंय."

त्याची चूक त्यातच झाली. आपल्याकडे माती भुसभुशीत झाली की सडा मारतात, ती बसते. त्यानंही रोज दोन वेळा मारला, नळाच्या खाऱ्या पाण्याचा. तिथली जमीन मुळातच खारी. पाणी सुकलं की मीठ वर येऊ लागलं. जितका सडा, तितकी वरची पापडी कडक. एका संध्याकाळी स्नेहा नावाची मुलगी चढाईत घसरली. गुडघा नि कोपर सोलून निघालं, वर मिठाची आग. पोरगी किंचाळत होती. सिद्धरामनं चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली. त्या दिवशी तो जेवला नाही.

मंडळाची बैठक झाली. मास्तर येऊन म्हणाले, "शाळेच्या सुट्टीच्या आधी स्पर्धा आहे. तोवर मैदान झालं तर ठीक. न्हाई तर हा कोपरा गाड्या लावायला. बिडु, सोड सिद्धराम, तुझं काय जातंय?"

"माझंच जायलंय मास्तर," तो म्हणाला.

मग त्यानं पापडी खरवडून काढली. पुरानंतर कोरड्या ओढ्यात बारीक गाळ साचतो, तो एका ड्रायव्हरच्या पिकअपमधून आणला. बकऱ्यांच्या गोठ्यातून भुसा आणला. गोड पाण्याचा प्रश्न राहिला. कॅम्पच्या खोल्यांमागं एसीचं पाणी रात्रभर ठिबकतं. त्याला मीठ नसतं. त्यानं प्रत्येक नळीखाली रंगाची बादली लावली. पहाटे साडेतीनला उठायचा तो यासाठी. भरलेल्या बादल्या रस्त्यापलीकडे नेऊन ओतायच्या आणि रिकाम्या परत लावायच्या. काही जण ते पाणी कपड्यांना वापरायचे, ते भडकले.

"अरे सिद्ध्या, आमची बनियनं घामट राहू दी, तुझी माती धुऊन काढ!"

"शुक्रवारचं पाणी तुमचं," तो म्हणाला, आणि शुक्रवारी खरंच बादल्या लावल्या नाहीत.

माती भिजली, पण तुडवल्याशिवाय बसत नाही. खळं करताना मधोमध मेढ रोवतात, बैल तिच्याभोवती फिरवतात. त्याच्या घरी बैल कमी, मेंढरं जास्त. त्यांच्या खुरांनी जमीन दगडासारखी बसायची. इथं दोन्ही नव्हतं. त्यानं लोखंडी पाइप मेढीसारखा रोवला आणि सगळ्या मुलांना हात धरून रांगेत उभं केलं.

मास्तर कमरेवर हात ठेवून बघत होते. "आईबापांनी कबड्डी शिकायला पाठवलंय, तू बैल करायलास? आता शेणाचं नाव तेवढं काढू नको."

"काका, ह्यात बैल कोण?" स्नेहानं विचारलं. तिच्या गुडघ्याला पट्टी होती.

"मेढीचा मी," तो म्हणाला. "कडंची तू. कडंच्याला लई पळावं लागतंय."

मेढीजवळ शांत बैल लागतो. तो चालतो कमी, पण सारखा वळत राहतो. सिद्धराम पाइप धरून वळत राहिला आणि बाहेरची पोरं धावत, ओरडत, पाय आपटत फिरली. दिवसभर सळई बांधून आलेला माणूस. चिखलानं माखलेली पोरं घरी जायला तयार नव्हती. सराव सुरू होण्याआधी तुडवणं, हा मग रोजचाच नेम झाला. मी मोबाईलवर ते टिपलं आणि त्यानं घरी पाठवलं. बाणूबाईंचा उलटा निरोप आला: "मेढीला तुम्हीच? शोभायलंय."

वर भुसा दाबला आणि सावलीसाठी गोणपाट अंथरलं. माती सावकाश सुकली. पापडी आली नाही. स्पर्धा त्याच कोपऱ्यात झाली. स्नेहाचा संघ हरला. पण ती मैदानावर पालथी पडली, उठली, कोपर उलटं करून पाहिलं आणि सिद्धरामला लांबून दाखवलं. कातडी शाबूत होती. मास्तरांनी गाड्यांचं नाव पुन्हा काढलं नाही.

त्याच्या कराराची मुदत संपत आली तेव्हा गावाकडून कळलं, अंकुशराव आता थांबायला तयार नाहीत. स्लॅबचे पैसे बाणूबाईंकडे जमले होते. मी म्हटलं, सांग तिला. "कबूल केलंय अण्णा," एवढंच बोलून तो कामाला लागला. काही दिवस त्यानं गरजेपेक्षा जास्त घट्ट तार पिळली. दोन-तीनदा तुटली. त्याची तार तुटलेली मी तेव्हाच पाहिली.

मग एका दुपारी फोन आला. हात गंजानं लाल होते, म्हणून मी त्याच्या खिशातला फोन काढून त्याच्या कानाला धरला. बाणूबाईंचा आवाज मोठा.

"ऐकायलाव का वो? मोठ्या भाऊजींला पैसे दिले. भालकीला जाऊन खळ्याचा कागद केला."

तो म्हणाला, "आन् स्लॅब?"

"स्लॅबवर कबड्डी खेळतेत का? प्रतीक्षा तुमचा तो व्हिडिओ रोज बघायलीय. तिकडं लोकांच्या लेकरांला फिरवायलाव, आन् हितल्या लेकरांनी काय पाप केलंय?"

"तुला कबूल केलं व्हतं मी."

"व्हय, मलाच केलं व्हतं न्हवं? मग मीच मोडलं. नवी आल्ते तवा त्या खळ्यावर पयला सडा मीच टाकला व्हता. तिथं गोदाम बघून मला भाकर गेली असती का? आन् कागद माझ्या नावावर हाय. खेळायचं आसंल तर मला इचारायचं."

सिद्धराम सळयांच्या गठ्ठ्यावर बसला. हसला की काय केलं, मला नीट दिसलं नाही. त्यानं मान खाली घातली होती. भोंगा वाजला आणि आम्ही उठलो.

नंतर मीही काम सोडून बीदरला आलो. यंदा थंडीत मेहकरला गेलो. घरावर पत्राच आहे. मागं खळं सारवलेलं, मधे बाभळीची मेढ. सिद्धराम मेढीला होता, प्रतीक्षा कडेला धावत होती. लिंगाप्पा बांधावर बसून पोरांना शिव्या देत होता, सावकाश फिरतात म्हणून. बाणूबाईंनी शेणाचे हात धुतले आणि मला म्हणाल्या, "बघा अण्णा, मस्कतचा पगार ह्या जागेला लागला."