पाळकांची पिवळी टोपी

माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी त्यांच्या खेड्यात एक गोरी मडम बैलगाडीतून यायची. तिच्याकडे औषधांची पेटी असायची, रंगीत चित्रांची कार्डं असायची, आणि मराठी अशी बोलायची की गोठ्यातल्या म्हशीसुद्धा मान वळवून बघायच्या. गावातल्या बायका तिला घोंगडीवर बसवायच्या, भाकरी-ठेचा द्यायच्या, आणि ती डोळ्यांतून पाणी काढत खायची. ती गेली की आठवडाभर तिची नक्कल करून सगळ्या हसायच्या. आजीची नक्कल बघून आम्हीही पोट धरून हसायचो. त्या मडमेला काय वाटत असेल, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. ते कळायला मला स्वतःला मडम व्हावं लागलं.

दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. माझे यजमान नगरकडे एका चर्चचे पाळक होते. जर्मनीतल्या एका ख्रिस्ती मंडळीचं आणि आमच्या मंडळीचं असं ठरलं की पूर्वी त्यांची माणसं आमच्याकडे येत, तर आता आपलं एक कुटुंब त्यांच्याकडे जाऊ दे. आमची निवड झाली. यांनी पुण्याला राहून जर्मन शिकून घेतलं, मी स्वेटर जमवले, आणि आम्ही दोघं आणि आमची पहिलीतली मुलगी असे जर्मनीतल्या एका खेड्यात जाऊन पडलो. हॅनोव्हरपासून आधी आगगाडी, मग बस. बस दिवसातून मोजकीच, आणि सुट्टीच्या दिवशी तीही नाही. बटाट्याची शेतं, माळरान, लाल विटांचं चर्च आणि त्याच्या मनोऱ्यावर वाऱ्याबरोबर फिरणारा लोखंडी कोंबडा. दुकान एकही नाही. आमच्या नातेवाइकांना वाटायचं आम्ही परदेशात चैन करतोय.

पाळकाचं घर, म्हणजे तिथलं फारहाऊस, एवढं मोठं की एका खोलीतून हाक मारली तर दुसरीत पोचायची नाही. आठ-दहा मुलं असलेल्या कुण्या जुन्या पाळकासाठी बांधलेलं. त्यात आम्ही तिघं. रविवारच्या उपासनेला पहिल्या बाकावर मी आणि मुलगी, मग मोकळी बाकंच मोकळी बाकं, आणि अगदी शेवटच्या बाकावर गावातली दहा-बारा म्हातारी माणसं, थंडी वाजल्यासारखी एकमेकांना चिकटून. हे व्यासपीठावरून बोलायला लागले की माझ्या डोक्यावरून पलीकडे ओरडावं लागायचं. उपासना संपली की सगळे दाराशी यांचा हात हातात घेऊन दाबायचे, "सुंदर" म्हणायचे आणि घरी जायचे.

माणसं वाईट नव्हती. रस्त्यात भेटली तर मान डोलवायची. पण आमच्या घरी कुणी यायचं नाही. कुणी म्हणजे कुणीही. बेल वाजली तर टपाल नाहीतर घर तापवायच्या तेलाची टाकी भरणारा माणूस. एकदा धुराडं साफ करणारा आला, नखशिखांत काळे कपडे आणि डोक्यावर उंच टोपी. पोरगी खूश झाली, पण तोही आधी चिठ्ठी टाकून, वेळ ठरवून आला होता. त्या देशात वेळ ठरवल्याशिवाय पान हलत नाही. त्याला टर्मिन म्हणतात. केस कापायला टर्मिन, दात दाखवायला टर्मिन, मुलीच्या मैत्रिणीला खेळायला बोलवायचं तर तिच्या आईकडून टर्मिन.

नगरला आमच्या दाराला दिवसा कडी नसायची. कुणी सासूची तक्रार घेऊन यायचं, कुणी अर्ज लिहून घ्यायला, कुणी नुसतंच पंख्याखाली बसायला. मी चहा टाकायचे, कप हातात घ्यायचे, आणि पुन्हा कुणीतरी, "पाळकीणबाई, आहात का?" मी यांच्यावर चिडायचे. "या घरात मला एक कप चहा गरम मिळत नाही," हे माझं रोजचं रडगाणं. आता चहा उकळता गरम मिळत होता. खिडकीशी बसून तो पिताना मला अक्षरशः हुंदका यायचा.

माझा स्वभाव मुळातच तापट. ऑक्टोबरच्या शेवटी एक दिवस मी यांना सांगून टाकलं, "नाताळपर्यंत बघीन. तोपर्यंत या दाराची बेल कुणी बिनकामाची वाजवली नाही, तर मी पोरीला घेऊन नगरला जाणार. तुम्ही बसा तुमच्या मोकळ्या बाकांना उपदेश करत."

हे हसले. मग माझं तोंड बघून हसायचे थांबले.

"अगं, ते येत नाहीत तर आपण जाऊ," ते म्हणाले. "तिकडे नव्या गावात गेल्यावर काय करायचो? घरभेटी. मग इथं का नको?"

मला पटलं. गावात गेल्यावर दिवेलागणीला, माणसं शेतातून परतल्यावर, घरोघर जायचं, दोन शब्द बोलायचे, प्रार्थना करायची. आमच्याकडे पाळक असाच माणसांत मिसळतो. मी एक दिवस खपून शंकरपाळी केली, स्टीलचा मोठा डबा भरला. यांनी नवा काळा सूट काढला. नगरला हे पांढरा झगा घालायचे, पण इथे पाळकानं काळं घालायचं असतं असं कळल्यामुळे खास शिवून घेतला होता. मुलीला कार्टून लावून दिलं आणि आम्ही निघालो. नोव्हेंबर होता. तिथे नोव्हेंबरात चार-पाचलाच अंधार पडतो, म्हणजे दिवेलागण आपोआप लवकर झाली.

पहिलं घर समोरचंच. तिथे एक आजी एकट्या राहायच्या. कुंपणावरून मान डोलवणं एवढीच ओळख. यांनी बेल दाबली आणि सवयीप्रमाणे उंबऱ्यापाशी डोळे मिटून, मान खाली घालून मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली. कुणाच्याही घरात शिरण्याआधी ते असं करतात.

दार उघडलं. आजींनी यांच्याकडे पाहिलं. काळा सूट, खाली घातलेली मान, मिटलेले डोळे. मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या बंद डब्याकडे. त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. त्या काहीतरी पुटपुटल्या आणि जिन्याच्या पायरीवर मटकन खालीच बसल्या.

"माझा मुलगा?" त्यांनी विचारलं. एवढं जर्मन मलाही कळलं.

हे गोंधळले. डोळे उघडून मोठ्या प्रेमानं म्हणाले, "नाही, आम्हाला मुलगी आहे."

मला काहीच उमजेना, पण बाई घाबरलीय हे दिसत होतं. मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले, डबा उघडला आणि त्यांच्या हातात एक शंकरपाळं ठेवलं. दुसरं काय करणार होते? आजी त्या शंकरपाळ्याकडे बघत राहिल्या.

"हे काय आहे?"

"खाऊ," हे म्हणाले. "माझ्या बायकोनं केलाय."

"म्हणजे कुणी मेलं नाही?"

"नाही हो. कोण मेलं?"

मग हळूहळू उलगडा झाला. त्या गावात पाळक वाढदिवसाला यायचा तर आधी फोन करून, दिवसाउजेडी यायचा. न कळवता, अंधारात, काळ्या कपड्यांत पाळक दारात उभा राहिला तर त्याचा एकच अर्थ. पुष्कळ वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी जुने पाळक पोलिसाबरोबर याच दारात आले होते. आजींचे यजमान जंगलात झाड पाडताना गेले होते. आता राहिला होता एकुलता मुलगा. तो शेत सोडून दूर रेगेन्सबर्गला गाड्यांच्या कारखान्यात लागला, त्यावरून दोघांचं भांडण झालं, आणि तेव्हापासून मायलेकांत बोलणं नव्हतं.

आजी उठल्या आणि तडक आतल्या खोलीतल्या फोनकडे गेल्या. आम्ही दोघं दारात, आत जावं की पळून जावं ते कळत नव्हतं. हे माझ्या कानात म्हणाले, "घरभेटींची कल्पना तुझीच ना?" मी म्हटलं, "मी कुठं म्हणाले? तुम्हीच काढलंत हे." तेवढ्यात फोन लागला असावा. आजी म्हणाल्या, "तू आहेस?" मग म्हणाल्या, "काही नाही. काही नाही झालं. पाळक आलेत, बिस्किटं घेऊन." आणि रडायला लागल्या. रडता रडता बोलू लागल्या ते थांबेचनात. आम्ही बोळातल्या खुर्च्यांवर बसून राहिलो. भिंतीपलीकडे त्यांचा आवाज एकदा चढला, मग हसू आलं. परत आल्या तेव्हा त्यांचं नाक लाल झालं होतं. यांच्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "अहो पास्टर, तुम्ही मला आज जवळजवळ मारलंत," आणि कॉफी टाकली. डबाभर शंकरपाळी त्या संध्याकाळीच संपली.

खेड्यात बातमी किती वेळ दडणार? त्या गावात पाव विकणारी गाडी यायची, तिच्यापाशी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना कळलेलं होतं. पाववाल्यानं मला पाव देताना गंभीर तोंड करून विचारलं, "आज कुणाचा नंबर?" मला एवढं जर्मन कळलं याचाच मला आनंद झाला. गावातली माणसं हसतात हेही मला त्याच दिवशी समजलं. रविवारी शेवटच्या बाकावरची दोन-तीन डोकी मधल्या बाकावर आली. आमच्या नकला होत असणार याची मला खात्री होती. माझ्या आजीच्या गावातल्या त्या मडमेची मी मनातल्या मनात माफी मागितली.

पण आजींनी खरं काम केलं ते पुढे. आठ-दहा दिवसांनी त्यांनी यांना कुंपणापाशी बोलावून एक लोकरीची टोपी दिली. पिवळी, हळदीसारखी पिवळी, वर गोंडा. "काळ्या कपड्यांत यायचं तर ही घालून या," त्या म्हणाल्या. "म्हणजे लांबून कळेल, सगळे जिवंत आहेत." यांनी तिथल्या तिथे ती डोक्यावर चढवली. माझा सावळा, टकला, जाड मिशांचा नवरा काळ्या सुटावर पिवळी गोंड्याची टोपी घालून गावभर फिरू लागला. मला हसू आवरायचं नाही. माणसं खिडकीतून टोपी बघायची आणि दार उघडायची. केक निघायचे, मेलेल्या नवऱ्यांचे फोटो निघायचे, दुखरे गुडघे निघायचे. पोरगी दुभाषी म्हणून यायची आणि केक खाऊन परत यायची. मी मराठीत विचारलं, काय म्हणाल्या गं त्या, तर जर्मनमध्ये उत्तर द्यायची.

हे सगळं छान होतं. तरी आमची बेल गप्पच. आम्ही त्यांच्याकडे जायचो, ते आमच्याकडे नाही. मी एकदा आजींना मोडक्या जर्मनमध्ये विचारलंही. त्या म्हणाल्या, पाळकांच्या घरी उगीच जायचं नसतं, लग्न असलं, बारसं असलं, कुणी गेलं तर जायचं, असं त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. "गेनाऊ," असं त्यांनी शेवटी ठासून म्हटलं, म्हणजे विषय संपला. नाताळ जवळ येत चालला होता. मी बोलून बसले होते आणि माझा हट्टी स्वभाव मला ठाऊक होता. रात्री बॅगांकडे नजर जायची. हेही काही विचारत नव्हते, पण पोरीला जवळ घेऊन बसायला लागले होते.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात हे सभेसाठी हॅनोव्हरला गेले. दुपारपासून पावसाचं पाणी रस्त्यावर पडून तिथल्या तिथे गोठून काच होत होतं. यांची नेहमीची बस आली आणि गेली, हे उतरले नाहीत. मोबाइल लागेना. मी खिडकीत उभी. अंधार पडला. पोरगी चित्र काढत बसली होती, तिला मी काही बोलले नाही. चहा टाकला तो ओतायचं भान नव्हतं.

आणि बेल वाजली.

टपाल सकाळी येऊन गेलं होतं. टर्मिन कुणाचाच नव्हता. न कळवता, अंधारात वाजलेली बेल. एव्हाना मी त्या गावची झाले होते, त्यामुळे त्या बेलचा अर्थ मला कळत होता. दारात पोलीस असणार. त्याच्याबरोबर कोण असणार? पाळक तर आमचाच. बोळ संपता संपेना. मी देवाचं नाव घेतलं आणि दाराशी पोचले.

दाराला वरच्या भागात खडबडीत काच होती. पलीकडचं माणूस दिसायचं नाही, नुसता रंग दिसायचा. त्या काचेत एक पिवळाधमक गोळा होता.

मी दार उघडलं. समोर आजी उभ्या होत्या. उरलेल्या लोकरीची, अगदी तशीच टोपी त्यांनी स्वतःसाठी विणली होती, आणि ती पांढऱ्या केसांवर थेट भुवयांपर्यंत ओढून घेतली होती. बुटांवर बर्फात घसरू नये म्हणून जुने मोजे चढवले होते.

"पास्टर पुढच्या बसनं येतील, या हवेत बस नेहमीच उशिरा येते," त्या म्हणाल्या. मग जराशा लाजल्या. "पण मी त्यासाठी नाही आले. माझ्याकडे टर्मिन नाही. चहा आहे का?"

मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. त्या "जा, जा", म्हणजे "हो, हो", म्हणत माझ्या पाठीवर थोपटत राहिल्या. पोरगी धावत येऊन विचारू लागली, आई रडते का, आणि आजींच्या टोपीचा गोंडा ओढून बघू लागली.

मी त्यांना स्वयंपाकघरात बसवलं. आलं घातलेला दुधाचा चहा त्यांनी घोट घोट घेतला, डोळ्यांत पाणी आलं तरी सोडला नाही. मुलगा नाताळला घरी येणार होता. तो काय काय खातो, लहानपणी कसा होता, कुठल्या खोलीत झोपेल, हे त्या सांगत बसल्या आणि मी अर्धंमुर्धं समजून मान डोलवत ऐकत बसले. पुढच्या बसनं हे आले, बर्फानं भिजलेली पिवळी टोपी घालून. दारातूनच त्यांनी दुसरी टोपी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि तिसरी खुर्ची ओढली. माझ्या कपातल्या चहाला कधीच साय धरली होती.